दुष्काळात कळप तगतो कशावर? सत्तरीच्या सड्यावरून आटपाडी, बन्नी आणि मार्साबितकडे बघताना

वाळपईचा_मास्तर

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे गवताळ रानं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलंय. त्या निमित्ताने धागा काढतोय, पण विषय माझ्या घरचा आहे. मी मूळचा माणदेशातल्या, सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीकडचा, मेंढरांमागं वाढलेला. नोकरीमुळे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आलो आणि इथलाच झालो. शाळेत धनगरवस्तीवरची मुलं आहेत, त्यांच्याकडे म्हशी आणि शेळ्या. एप्रिल लागला की त्यांच्या बोलण्यात तेच येतं जे माझ्या आज्याच्या बोलण्यात असायचं: चारा संपला, पाणी लांब गेलं, जनावर हाडावर आलं.

माणदेशात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. गोव्यात तीन हजार. आकड्यात एवढा फरक असून उन्हाळ्यात जनावराची अवस्था सारखी का होते, याचा मी बरीच वर्षं विचार करतोय. मला वाटतं कळप तगतो तो दोन गोष्टींवर. वेळेत हलता आलं पाहिजे, आणि मदत जनावर पायावर उभं असताना पोहोचली पाहिजे. टाक्या, बोअर, सुधारित जाती, अनुदान या सगळ्यांचा नंबर त्यानंतर.

आमच्याकडे दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढपाळ घरांचा तांडा, निघायचा. घोड्यावर बिऱ्हाड, पुढे मेंढका, मागे बाया-पोरं आणि कुत्री. कोणी कोकणात उतरायचं, कोणी बागायती पट्ट्यात. वाटेत शेतकरी रानात मेंढरं बसवायला बोलवायचे, वाघर (जाळीचं कुंपण) लावून रात्रभर मेंढरं तिथं बसली की लेंडीखत आणि मूत आयतं जमिनीत. त्याबदल्यात धान्य किंवा पैसे. मृगाचा अंदाज घेऊन परत. लोक याला भटकणं म्हणतात. माझ्या मते ही दुष्काळाविरुद्धची सर्वांत जुनी आणि सर्वांत स्वस्त व्यवस्था आहे, कारण पाऊस एका ठिकाणी पडत नाही तेव्हा दुसरीकडे पडलेला असतो.

निघण्याआधी आजा एकेक मेंढी पुढ्यात घ्यायचा. कमरेच्या वर, फासळ्या संपतात तिथं, लोकरीत बोटं घालून पाठीचा कणा चाचपायचा. मणके टोचले की ती मेंढी वेगळी. मांस हाताला लागलं की ती कळपात. वेगळ्या काढलेल्यांतल्या म्हाताऱ्या आणि जास्तीचे नर आठवडी बाजारात, तेही भाव पडायच्या आत. तरण्या गाभण मेंढीला मात्र हात लावायचा नाही, घरात कितीही नड असो. मेंढी पाच महिन्यांत विते. गाभण मेंढ्या वाचल्या तर पुढच्या दोन-तीन वर्षांत कळप परत उभा राहतो. त्या गेल्या की माणूस ऊसतोडीला जातो.

आता त्या वाटांवर डाळिंब, द्राक्षं, तारेची कुंपणं, चौपदरी रस्ते. रान बंद, वाट बंद. त्यात दुष्काळ पडला की काय होतं ते वेगळं सांगायला नको. गोव्यातल्या आणि बाहेरच्या जाणत्यांनी लिहावं. मला यातून वस्तीवर सांगता येईल असं काहीतरी हवंय.

---

माणदेशी_लेक

मास्तर, वाचताना घरी जाऊन आल्यासारखं झालं. मी म्हसवडजवळची, आता म्हापशात.

छावण्यांबद्दल लिहायला हवं. २०१२-१३ आणि परत २०१८-१९ ला आमच्याकडे चारा छावण्या लागल्या. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची मोठी छावणी होती, माझ्या माहेरची जनावरं तिथं राहिली. बायका जनावरांसोबत तिथंच पालात राहायच्या, चूल तिथंच, पोरांचा अभ्यास तिथंच. त्या छावणीमुळे खिलार बैल आणि गाई वाचल्या, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण छावणी ही मुख्यतः दावणीच्या जनावरांची व्यवस्था आहे. मेंढरं दावणीला बांधून, उसाच्या वाढ्यावर महिनोन्‌महिने जगत नाहीत. ज्याची शंभर मेंढरं त्याला त्या छावणीचा काय उपयोग? त्याला लागतं वाटेवर पाणी, थांबायला गायरान आणि मेंढरं आजारी पडली तर डॉक्टर. यातलं काही छावणीच्या हिशोबात बसत नाही.

दुसरं असं की छावणी सुरू व्हायची तेव्हा उशीर झालेला असायचा. आधी आणेवारी (पीक किती आलं याचा सरकारी अंदाज), मग जाहीर होणं, मग मंजुरी. तोवर गोठ्यातली निम्मी जनावरं बाजारात गेलेली, आणि सगळ्यांनी एकदमच विकायला काढल्यामुळे मातीमोल भावात.

टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आटपाडीत आलं याचा मला आनंदच आहे, त्या पाण्यासाठी लोक किती वर्षं भांडलेत. पण पाणी आलेल्या रानात आता वर्षभर पीक उभं असतं. पूर्वी जानेवारीत मोकळी असणारी शिवारं मोकळी राहात नाहीत. मेंढपाळाच्या वाट्याला त्या पाण्यातून काय आलं, हे कोणी विचारलेलं मला तरी आठवत नाही.

---

रानपाखरू

विषय चांगला आहे, पण दुसरी बाजू मांडतो. मी डिचोलीचा, जंगलात फिरणारा. अतिचराईने टेकड्या बोडक्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, नवं गवत यावं म्हणून लावलेली आग खाली जंगलात उतरते. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याच्या भागात किती दिवस आग धुमसत होती ते सर्वांना आठवत असेल. त्या आगी कोणी लावल्या यावर मी बोट ठेवत नाही, कारणं अनेक होती. पण गुरं मोकळी सोडा, वाटा खुल्या करा, एवढंच म्हणून चालणार नाही. जंगल टिकलं तरच झरी टिकतील, आणि झरी टिकल्या तरच वस्तीला मे महिन्यात पाणी.

---

सड्यावरचो

रानपाखरू बाब, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहितो. मी त्याच वस्त्यांतला एक.

झर आटते याचं दुःख तुमच्यापेक्षा आमच्या आईला जास्त आहे, कारण कळशी तिच्या डोक्यावर असते. जांभा दगडात पाणी थांबत नाही. चार महिने धो-धो कोसळतं आणि सगळं खाली नदीत जातं. नोव्हेंबरात सडा पिवळा पडतो, फेब्रुवारीत गवताचं नुसतं खुंट राहतं. पूर्वी मग आमची माणसं गुरं घेऊन ओहळाच्या कडेला, सावलीच्या रानात उतरायची. एका जागी आठ-पंधरा दिवस, मग पुढे. आता खाली काजूच्या बागा, त्यांना कुंपण. वर अभयारण्य. मधल्या पट्ट्यात सगळी गुरं वर्षभर कोंडली की तिथलं रान झिजणारच. ते झिजलं की आमच्यावर बोट.

१९९९ ला म्हादई आणि नेत्रावळी अभयारण्यं झाली. वस्त्या त्याच्या आधीच्या. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीला चार वाघ विषबाधेने मेले, ते फार वाईट झालं. वाघ मरावा असं आमच्यात कोणालाही वाटत नाही. पण दुभती म्हैस मेली की त्या घरचं रोजचं उत्पन्न त्याच दिवशी बंद होतं. भरपाई महिन्यांनी येणार असेल तर तेवढे महिने त्या घराने काय खायचं, हे विचारायलाच हवं. मास्तर म्हणतात ते खरं. मदत वेळेत आली तर माणूस चुकीच्या वाटेला जात नाही.

---

नैरोबी_ते_मडगाव

वय झालं, त्यामुळे मोठं लिहितो, सांभाळून घ्या. माझी नोकरी केनियात गेली, हिशोबनीस म्हणून, पण उत्तरेला मार्साबित, इसिओलो, पलीकडे गुरं पाळणाऱ्या बोराना लोकांच्या मुलखात कामानिमित्त जाणं व्हायचं. मास्तरांनी जे दोन मुद्दे काढलेत, त्यावरच तिथे पुष्कळ काम झालेलं आहे.

आधी विमा. २०१० च्या जानेवारीत मार्साबितमध्ये जनावरांचा एक वेगळा विमा सुरू झाला, नैरोबीच्या आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेने तो आखला होता. नेहमीच्या विम्यात जनावर मेल्याचा पंचनामा लागतो. एवढ्या अफाट मुलखात पंचनामा करायला जाणार कोण? म्हणून यात उपग्रहावरून रानाचा हिरवेपणा मोजतात. त्या भागातली हिरवळ ठरावीक पातळीखाली गेली की विमाधारकाला पैसे मिळतात. सुरुवातीला हिशोब जनावरं किती मेली असतील याच्या अंदाजावर होता. पुढे तो बदलला आणि पैसे हंगाम बिघडताना, जनावरं जिवंत असतानाच देण्याकडे वळवला. चारा, पाणी, औषध घेता यावं म्हणून. २०१५ पासून केनिया सरकारने हाच विमा हप्ता भरून गरीब पशुपालकांसाठी सुरू केला, आधी तुर्काना आणि वाजिर जिल्ह्यांत.

याने सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. उपग्रहाला काटेरी झुडूपही हिरवंच दिसतं, जे गुरं खात नाहीत. काही ठिकाणी रान कोरडं आणि पैसे नाहीत, असं झालं की लोकांचा विश्वास उडतो. २०२० ते २०२३ दरम्यान पूर्व आफ्रिकेत लागोपाठ पाच पावसाळे हुकले, एकट्या केनियात २५ लाखांहून अधिक जनावरं मेली. एवढ्या मोठ्या आपत्तीला विमा पुरत नाही. पण पैसा आधी पोहोचवण्याची कल्पना पक्की झाली.

आता बोरानांच्या विहिरी. त्यांना तुला म्हणतात. इतक्या खोल की माणसं एकाखाली एक उभी राहून बादल्या वर देतात, गाणं म्हणत, तालावर. विहिरीवर कोणाच्या गाई कोणत्या दिवशी याव्यात हे ठरवणारा एक माणूस असतो, अब्बा हेरेगा. त्याचा शब्द मोडत नाहीत. मला तिथं जे समजलं ते असं की पाण्यावरचा ताबा म्हणजेच चराईवरचा ताबा. विहीर बंद ठेवली की आसपासचं गवत आपोआप राखलं जातं. सरकारने किंवा संस्थांनी मधेच सर्वांना मोकळं बोअर मारून दिलं, की भोवतालचं राखीव गवत सगळ्यांच्या गुरांनी महिन्या-दोन महिन्यांत संपवलंच समजा. पाणी दिल्याने दुष्काळ वाढलेला मी पाहिलाय. शिवाय वासरांसाठी आणि अशक्त गाईंसाठी वस्तीजवळ कुंपण घालून गवत राखतात, त्याला कालो म्हणतात. मोठी गुरं दूर जातात, लहानग्यांचं गवत घराशी. सत्तरीत हे करून बघण्यासारखं आहे.

---

माणदेशी_लेक

काका, तुमचा बोअरचा मुद्दा आमच्याकडेही लागू आहे. टँकरचा थांबा जिथं, तिथं गावातली सगळी जनावरं, आणि शंभर पावलांपर्यंत गवताची काडी नाही.

---

कच्छ_वळण

बन्नीबद्दल दोन शब्द. नोकरीत काही काळ भुजला होतो, आता फोंड्याला.

बन्नी हा कच्छच्या रणाच्या कडेचा सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा गवताळ मुलूख. तिथले पशुपालक म्हणजे मालधारी लोक, त्यांची बन्नी म्हैस. ही म्हैस उन्हाळ्यात रात्री चरते. संध्याकाळी एकटी रानात जाते, पहाटे दुधाला स्वतःहून घरी येते. २०१० मध्ये तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, ती मालधाऱ्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवलेली आहे. पाण्यासाठी तिथं विरडा असतो. तळ्याच्या पोटात उथळ खड्डे खणतात, खाऱ्या भूजलावर तरंगणारं पावसाचं गोड पाणी त्यात झिरपतं. जपून उपसलं तर टिकतं, हावरटपणे उपसलं की खालचं खारं वर येतं.

१९६१ पासून वनखात्याने रणाचा पसारा थांबावा म्हणून तिथं वेडी बाभूळ लावली, स्थानिक तिला गांडो बावळ म्हणतात. तिने गवताचा मोठा भाग गिळला. गाईंना तिच्या शेंगा बाधतात, म्हणून अनेकांनी गाई कमी करून म्हशी वाढवल्या. रानपाखरू, तुमचा हेतू चांगलाच आहे, पण गवताळ रानाला मोकळी पडीक जमीन समजून झाडं लावणं हाही नाशच असतो. आमच्या सड्यावर वृक्षारोपण करायची कोणी टूम काढली की मला बन्नी आठवते. सड्यावरचं गवत हेच तिथलं जंगल आहे.

---

रानपाखरू

हे मान्य. पावसाळ्यात सड्यावर जे फुलतं ते बाकी कुठे फुलत नाही, तिथं खड्डे मारून झाडं लावू नयेत असं मीही सांगत आलोय. आणि सड्यावरचो, तुमचं म्हणणं मी वाचलं. गुरं कोंडल्यामुळे रान झिजतं, हा क्रम मी तसा लावला नव्हता. पाळीपाळीने रान मोकळं आणि बंद ठेवायचं ठरलं, तर वनखात्याकडे बोलायला मी तुमच्यासोबत येईन. आगीची पट्टी काढायलाही माणसं लागतील, ती आमच्या गटातून मिळतील.

---

गुरांचा_डॉक्टर

पशुवैद्य म्हणून लिहितो. दुष्काळात जनावर उपाशी मरतं असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात पुष्कळ अशक्त जनावरं पहिल्या पावसात मरतात. महिनाभर खंगलेली मेंढी किंवा शेळी, अंगावर चरबी नाही, त्यात रात्रभर वळवाचा मार, सकाळी वाड्यात आडवी. जी वाचतात ती कोवळ्या गवतावर तुटून पडतात आणि आंत्रविषाराने (आतड्यात विष तयार होण्याच्या रोगाने) जातात. म्हणून आंत्रविषाराची लस पावसाआधी. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस एकदा दिली की साधारण तीन वर्षं पुरते, देशाने २०३० पर्यंत तो रोग संपवायचं ठरवलंय, त्यामुळे लस मागा. आणि पहिल्या पावसासाठी कोरडा आडोसा आणि पाठीशी ठेवलेला थोडा चारा, याने जेवढी जनावरं वाचतात तेवढी महागड्या औषधांनी नाही.

जातीबद्दल. फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या गारोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनी मेंढीत आणून नारी सुवर्णा तयार केली. काम फार मोलाचं. पण जुळी कोकरं म्हणजे आईला जास्त चारा. ज्याच्याकडे शेवटच्या दोन महिन्यांत खुराक देण्याची सोय आहे त्याला ती लाभते. लांब चालणाऱ्या वाड्याला दख्खनी किंवा जतकडची माडग्याळ बरी. इथे गोव्यात म्हशीबाबतही तसंच सांगतो. गोवा सरकारच्या कामधेनू योजनेतून दुभतं जनावर घेताना आधी आपल्याकडे मे महिन्यात काय असतं ते बघा. म्हैस दहा महिने गाभण, पारडी वयात यायला तीन-चार वर्षं. एक चांगली म्हैस गेली तर भरून यायला मेंढीसारखं दोन वर्षांत होत नाही.

आणि पेंढा. आपल्याकडे वायंगण (उन्हाळी) भात एप्रिलच्या सुमारास निघतं. यंत्राने कापणी होते, पेंढा शेतात पडून राहतो, बरेच जण जाळतात. वर सड्यावर म्हैस उपाशी आणि खाली पेंढा पेटलेला, हे बघून जीव तुटतो. तो गोळा करून युरिया प्रक्रिया करा. १०० किलो कोरड्या पेंढ्याला ४ किलो युरिया, ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडायचा, पायाने दाबायचा, प्लास्टिकने हवाबंद करून २१ दिवस ठेवायचा. उघडल्यावर तासभर पसरून वास जाऊ द्यायचा, मग थोडा थोडा देत सवय लावायची. पेंढा मऊ होतो, प्रथिनं जवळपास दुप्पट होतात. दोन गोष्टी विसरू नका: सहा महिन्यांखालच्या वासराला हा चारा नाही, आणि युरियाचं पाणी उघडं ठेवायचं नाही, जनावराने प्यायलं तर मरतं.

---

सड्यावरचो

डॉक्टर, पेंढा आम्ही वाहून आणू. पण वर प्लास्टिक उंदीर आणि माकडं ठेवतील का?

---

गुरांचा_डॉक्टर

जांभ्याच्या चिऱ्यांचा कमरेएवढा हौद करा, तीन भिंती पुरे. आतून प्लास्टिक, वरून प्लास्टिक, त्यावर माती आणि झावळं. माकडांना वासामुळे त्यात रस वाटत नाही. उंदरांसाठी कडेची माती रोज बघायची, भोक दिसलं की लगेच बुजवायचं.

---

नैरोबी_ते_मडगाव

सरकारी हक्काचं कोणी लिहिलं नाही. वनहक्क कायद्यात चराईचा हक्क आहे ना?

---

वाळपईचा_मास्तर

आहे, काका. २००६ च्या कायद्यात कलम ३ मध्ये चराईचा हक्क आणि फिरत्या पशुपालकांचा हंगामी वापराचा हक्क, दोन्ही लिहिलेले आहेत. गोव्यात अडचण वेगळीच आहे. गावडा, कुणबी, वेळीप यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, धनगरांना नाही. जमातीत नसलेल्याला तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं, १३ डिसेंबर २००५ च्या आधीचं. म्हणजे पोर्तुगीज काळापर्यंत मागे जायचं. फिरत्या माणसाकडे त्या काळचा कागद कुठून असणार?

पण नियमांत फक्त कागद मागितलेला नाही. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो. जुनी चराऊ रानं, पाणवठे, देवाची झाडं, दफनाच्या जागा, हे सगळं सामूहिक दाव्याला पुरावा म्हणून धरतात. म्हणून म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना सोबत घेऊन रान फिरायला हवं. कोणत्या महिन्यात गुरं कुठं असायची, कुठल्या ओहळावर, कुठल्या झाडाखाली गोठण (गुरं बसायची जागा), हे लिहून काढायचं, नकाशावर मांडायचं. बोरानांच्या विहिरीसारखी पाळीची व्यवस्था बसवायची असली तरी हीच माहिती लागणार.

इतकं सगळं वाचून मी वस्तीवर काय सांगायचं ते ठरवलंय. मार्चच्या आत प्रत्येक म्हशीची पाठ चाचपून यादी, कोणती ठेवायची, कोणती बाजारभाव असताना विकायची. वस्तीजवळ पारड्यांसाठी एक तुकडा कुंपण घालून राखायचा. वायंगणाचा पेंढा खालच्या गावातून उचलायचा, त्यासाठी शेतकऱ्यांशी मी बोलतो, बदल्यात शेणखत देऊ असं सड्यावरचो म्हणतोय. लस पावसाआधी. आणि रानाची नोंद.

---

सड्यावरचो

पेंढ्यासाठी टेम्पो मिळतोय, डिझेल आम्ही वर्गणीतून भरू. आमच्या आजीला सगळे पाणवठे पाठ आहेत, पण तिला आता चढ चढवत नाही. तिला घेऊन गाडी जाते तिथवर जाऊ, पुढचं ती बसल्या जागेवरून सांगेल आणि आम्ही पोरं चालत जाऊन बघू. रानपाखरू बाब, तुमच्याकडे जागेची खूण फोनवर घ्यायची माहिती आहे म्हणता, तर रविवारी सकाळी सातला तिठ्यावर या.

---

रानपाखरू

येतो. आणखी दोघे आहेत सोबत. पाणी आणि पोळ्या आमच्या, आजीला गाडीत पुढे बसवा.